मावशी काऊन उठून नाही राहिली

अर्जुनी मोरगाव,
मंगळवार, सकाळी साडेदहा

आयु. चेतना हिस,

दादाचा सप्रेम जयभीम. मोहितराव जावईबापूंना सविनय जयभीम कळव, आचलला आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून पुढं लिहितो.

मावशी पडल्यापासून मी स्वतःच्या हातानं बनवलेल्या वस्तू अशा: एक लोखंडी खाट, डोक्याकडची बाजू सायकलच्या चेनवर वर-खाली होणारी (पायडलच्या एका फेऱ्याला दोन इंच). चालायची चौकट एक, पाऊण इंची पाइपाची, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. दुकानातली अडीच किलोची आहे आणि वर डुगडुगते. खाटेपासून संडासापर्यंत भिंतीला धरायचा सागाचा दांडा, एकवीस फूट चार इंच, दाराची जागा सोडून. शिवाय बोलावण्यासाठी मोटारसायकलचा हॉर्न, बटण उशाशी. हे सगळं कोणाच्या हाताखाली न शिकता केलं. मी नववी नापास आहे आणि तालुक्यातले निम्मे पंप माझ्या हातचे चालतात, हे तुला सांगायला नको. तर यातली एकही वस्तू तुझ्या आईनं वापरली नाही. हॉर्न तेवढा एकदा वाजवला, तोही मला बोलावून, हा काढून टाक, म्हणायला.

फोनवर हे बोलता येत नाही. मी ओसरीत हॅलो म्हटलं की मावशी आतल्या खोलीतून उत्तर देते. म्हणून हे पत्र.

ऑपरेशनला आज एक्केचाळीस दिवस झाले. मागच्या सोमवारी डॉक्टरांना दाखवून आणलं. मांडीचं हाड चांगलं जुळलं म्हणाले, पण या महिन्यात त्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग बाई कायमची खाटेवर. मी मावशीला विचारलं, दुखते का? नाही. भेव वाटते का? नाही. मग काऊन उठून नाही राहिली? तर म्हणे, "उठून कोनाकडे जाऊ बाप्पा?"

आता हा प्रश्न मला सुटेना. एखादी मोटार बंद पडली आणि आत काही जळालेलं नसलं तर मी जेवत नाही, हे तुला माहीत आहे. मी कागद घेऊन बसलो आणि मावशी आजवर कुठंकुठं गेली ते काढलं. माझी आई वारली तेव्हा मी चार वर्षांचा. तिची ही धाकटी बहीण महिनाभर पोराला पाहते म्हणून एका पिशवीनिशी आली. तो महिना पन्नास वर्षांचा झाला. मधे बाबांनी तिच्याशी लग्न केलं, तू झालीस, मी मात्र मावशीच म्हणत राहिलो. (सावत्र हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या फॉर्मवर पाहिला. तिनं तो मला खोडायला लावला. कागद फाटला, हेडमास्तरांनी नवा फॉर्म देताना माझा कान पिरगळला.) पुढं आजोबांचा लकवा, चार वर्षं. बाबांचं दुखणं, अकरा महिने. तुझी दोन बाळंतपणं, तुझ्या ललितावहिनीचं पित्ताशय, साकोलीच्या आत्याचं वेड. प्रतापगडच्या यात्रेला एकदा गेली, तर तीही श्यामलालच्या आईला चक्कर येते म्हणून सोबत. सगळा कागद भरला, पण स्वतःच्या कामासाठी ती कुठं गेली असं एकही गाव सापडलं नाही.

मग मी प्रयोग केले. पहिला माझ्यावरच. गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिच्या खोलीत चटईवर पोट धरून पडलो आणि कण्हलो. तिनं मान न वळवता सांगितलं, "ताराचंद, ऊठ. खरं पोट दुखते तवा तू डाव्या कुशीवर झोपतेस." मी उजव्या कुशीवर होतो.

दुसरा प्रयोग शेजारच्या चुन्नीलालवर. त्याची कंबर खरीच धरली होती, म्हणून त्याला दोघांनी धरून आणला. तो म्हणाला, "मावशे, मी मरून राहिलो." ही म्हणाली, "मर ना मंग, पन पयले तोंडातला खर्रा थुकून ये." एवढं बोलून ती उठून बसली, आणि अकरा मिनिटं बसली. शेकायची रेती किती गरम करायची, फडकं कुठलं, सगळं ललिताला सांगितलं. पण पाय खाली आले नाहीत. चुन्नीलालची बायको सगळं नीट करते, हिला त्यात करण्यासारखं उरलं नाही, असं माझं निदान.

तिसरा प्रयोग मी केला नाही, तो झाला. आपली शेळी विताना अडली. मावशीनं आवाज ओळखला, दोन्ही पाय खाली सोडले, अंगठे फरशीला लागले (मी स्वतः पाहिलं), आणि तेवढ्यात शेळी व्याली. पिल्लं दोन, दोन्ही पाठी. पाय परत वर गेले. शेळीनं घाई केली, दुसरं काय.

यावरून मला जे कळलं ते असं की सोंग चालत नाही, आणि ज्याचं पाहणारं घरात आहे तोही चालत नाही. दुखणं खरं पाहिजे आणि माणूस कोणाचं न ऐकणारा पाहिजे. असा कोण मिळेल याचा विचार करून राहिलो आहे.

बाकी क्षेम. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, उन्हाळी धानाचे पऱ्हे चांगले उगवले.

तुझा दादा,
ताराचंद

ता.क. रविवारी तू ललिताला फोनवर सांगितलंस की जावईबापूंची साखर तीनशे दहा निघाली आणि सोनपापडीचा डबा ते कूलरच्या मागं लपवतात, तुलाही जुमानत नाहीत. स्पीकर चालू होता. मावशीनं सगळं ऐकलं. चार वाजता तिनं ललिताला विचारलं, "माह्या चपला कुठं हायेत?" कायले पाहिजेत म्हटल्यावर म्हणे, "काई नाही, पुसून ठेव." तरी जावईबापूंना पंधरा दिवस इकडं पाठव. सासुरवाडीला सासूला भेटायला म्हण, दुसरं काही बोलू नको. आणि पाठवण्याआधी त्यांना सुधारू नको.

ता.क. दुसरा. हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. शनिवारी त्यांनी मला वेगळा फोन करून मावशीसाठी चोवीस तासांची बाई ठेवा म्हटलं, पैसे ते देणार. माणूस मोठ्या मनाचा आहे. पण ती बाई मावशीच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरेल, आणि मग मावशीला उठवणारं या जगात कोणी उरणार नाही. मी नाही म्हटलं. त्यांनी आधी बारा हजार सांगितले, मग वाढवले. मी तरी नाही म्हटलं. महिन्याला पंधरा हजार रुपये, बाईचं जेवण वेगळं.