हार्टविगचं डावं पाऊल

श्टायर,
१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय कोर्बिनियन,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं, इतक्या वर्षांनी असलं तरी. बोल्झानोकडची सफरचंदांची तोडणी एव्हाना आटोपली असेल आणि ट्राउडलच्या पाठीला जरा विसावा मिळाला असेल. तिला माझा नमस्कार सांग. इकडे नदीवर धुकं धरलंय ते दुपारपर्यंत हलत नाही. बाकी सगळं ठीक. हार्टविगही ठीक आहे. जेवतो, झोपतो, खिडकीशी बसतो.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि हवापाणी लिहून उठले. आजही तेच करणार होते.

तू आपल्या तलवारबाजीच्या मंडळाची हालहवाल विचारलीस. मंडळ आहे. मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत अजून जमतात, तेच जाळीचे मुखवटे, तोच घामाचा वास. पण आता दोन तट पडलेत. एक सेवेरिनचा. तुला तो आठवणार नाही, तू गेल्यावर आला. ग्रंथालयात नोकरी करतो, जुनी जर्मन घडाघडा वाचतो, आणि उस्तादाच्या त्या जुन्या हस्तलिखितात नाही ते कुणी केलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. दुसरा तट मार्लीसचा. ती स्पर्धांना जाते, जिंकून येते, आणि सांधे सुजवून घेते. सेवेरिन म्हणतो, ही पोरं तलवारीने टेनिस खेळतात, याला पाचशे वर्षांपूर्वीची विद्या म्हणायचं तर मग काहीही म्हणा. मार्लीस म्हणते, "पुस्तकाने कधी मार खाल्लाय का? मी खाल्लाय. मग खरं काय ते मला जास्त कळणार ना." हे असं दर मंगळवारी. तुझ्या आणि हार्टविगच्या भांडणात निदान मधूनमधून कुणीतरी हसायचं. हे दोघं हसत नाहीत.

आणि भांडण कशावरून, तर हस्तलिखितातल्या त्याच ओळीवरून. मला ती ओळ आता नुसती कानावर पडली तरी शिसारी येते. हार्टविगने तिचा अर्थ लावला होता, ‘जिकडचा वार, तिकडचं पाऊल’. उजवीकडून वार करायचा तर उजवा पाय पुढे टाकायचा. तू म्हणायचास की नक्कल उतरवणाऱ्याने मूळ जर्मन शब्दाचं शेवटचं अक्षर गाळलंय, ओळ ‘जिकडे वार, तिकडे पाऊल’ अशी आहे. वार डावीकडे उतरतो, तर डावा पाय आधी बाजूला टाकायचा आणि उजवा मागून सरकवून घ्यायचा. एका अक्षरासाठी तुम्ही दोघांनी काय काय मोडलंत. त्याचं भाषांतर छापून आलं त्या दिवशी, भरल्या सभेत, तू उठून तुझी रीत दाखवलीस आणि तो म्हणाला, "हे तू स्वतःच्या मनाने रचलंयस, त्या बिचाऱ्या मेलेल्या उस्तादाच्या नावावर खपवू नकोस." तू तलवार कोपऱ्यात ठेवलीस आणि गेलास. मी जिन्यापर्यंत आले होते. तू मागे बघितलं नाहीस.

आता त्या वर्धापनदिनाच्या चित्रफितीबद्दल.

ती तू बघितलीस, आणि बघून रडलास, असं लिहिलंयस. ‘अखेर त्याने मान्य केलं, तेही सगळ्यांसमोर, एक शब्द न बोलता. त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठी माफी मागता आली नसती.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

झालं ते असं. वसंतात मंडळाचा वर्धापनदिन होता. दोन्ही तटांनी ठरवलं की वाद हार्टविगपुढे मांडायचा, तो सांगेल ते खरं. मी नको म्हणाले होते. सेवेरिन घरी आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, त्यांना नुसतं बसवा हो, लोकांना बघायचंय त्यांना. हार्टविगने ते ऐकलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. चांगलं जाकीट हवं होतं. मग काय करणार.

तिथे सेवेरिनने ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, उजवं पाऊल की डावं?  हार्टविग खुर्चीतून उठला. मार्लीसच्या हातातली बोथट तलवार घेतली. वर उचलली. डावा पाय बाजूला टाकला, उजवा मागून सरकला आणि वार उतरला. धड जोरकस नव्हता, पण सरळ होता. आणि मग ज्या टाळ्या पडल्या, कोर्बिनियन, त्या अजून कानात आहेत. तो उभा होता आणि हसत होता. तसा तो आजारपणानंतर पहिल्यांदा हसला.

तो आजारी होता एवढंच तुला कुणाकडून तरी कळलं असणार. काय झालं ते मी कुणाला फारसं सांगितलं नाही. मेंदूत गुठळी झाली. शब्द गेले. ‘हो’ आणि ‘नाही’ उरलं आहे, तेही पुष्कळदा उलटसुलट. पुस्तकं उघडून बसतो, पण पान उलटत नाही. उजवा हात बराच परतला. उजवा पाय परतला नाही. तो उचलता येत नाही, ओढावा लागतो. म्हणून पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलाशी, सगळीकडे तो असाच जातो. डावा आधी बाजूला, मग उजवा ओढून घ्यायचा. रोज सकाळी कॉफी ओतताना मी हे बघते. तू जे बघून रडलास ते हे आहे.

मी त्या दिवशी तिथे बोलले नाही. कशी बोलणार होते? लोक त्याच्याभोवती जमले होते, त्याचा हात हातात घेत होते. पण पुढच्या आठवड्यात व्यायामशाळेत जाऊन सेवेरिन आणि मार्लीस दोघांनाही स्पष्ट सांगितलं. सेवेरिनचा चेहरा उतरला. म्हणाला, मग हा पुरावा होत नाही, चित्रफीत काढून टाकायला हवी. मार्लीस म्हणाली, "पाय लुळा असो नाहीतर सोन्याचा, वार लागला ना? मी दोन स्पर्धांत करून बघितलं. समोरच्याला कळतच नाही आपण कुठे गेलो ते." मग तिथेच त्यांचं जुंपलं, लुळ्या पायाने केलेलं अस्सल धरायचं की नाही यावर. मी माझा कोट घेतला आणि घरी आले. हार्टविग कसा आहे हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. वाईट माणसं नाहीत ती. नुसती गुंतलेली आहेत. चित्रफीत अजून इंटरनेटवर तशीच आहे, ती तू बघितलीसच.

तेव्हा तुझी रीत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. मार्लीस ती करते आणि जिंकते, कदाचित तूच पहिल्यापासून बरोबर असशील. मला ते कळत नाही आणि खरं सांगायचं तर आता समजून घ्यायचंही नाही. पण हार्टविगने ते मान्य केलं, असं समजून तू तिकडे शांत झोपणार आणि मी गप्प बसणार, हे मला जमलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय. तुझ्या हातात आलेलं काढून घेतल्यासारखं.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं त्या दुपारचं सांगायचं राहिलंय, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

तो खिडकीशी होता. मी तुझं नाव घेतलं तेव्हा त्याने मान वळवली. "कोर्बी," म्हणाला. स्वच्छ. माझं, त्याच्या बायकोचं, नाव त्याला अजून येत नाही. मी वाचत गेले. ‘अखेर त्याने मान्य केलं’ इथे आले तेव्हा त्याने हात वर केला.

"नाही," तो म्हणाला.

त्याच्या ‘नाही’चा अर्थ कधी ‘हो’ असतो, म्हणून मी विचारलं, म्हणजे कोर्बी बरोबर होता ना? त्याने दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा धरला. तो पाय उचलला, दात खाऊन, मानेच्या शिरा ताठ करून, आणि जमिनीवर पुढे ठेवला. उजवा. पुढे. मग माझ्याकडे बघितलं, तसंच, जसं तो तुझ्याकडे बघायचा. मला कळलं नसेल असं वाटून त्याने तो मागे घेतला आणि पुन्हा उचलून पुढे ठेवला.

त्याने काहीही मान्य केलेलं नाही, कोर्बिनियन. तो आत आहे, सगळाच्या सगळा, आणि अजून तुझ्याशी भांडतोय.

माझं दुखणं वेगळंच आहे. त्याच्याशी आता कुणी भांडत नाही. डॉक्टर मान डोलावतात. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी छान छान म्हणते. सेवेरिन आला की देवळात आल्यासारखा हळू बोलतो. मी तर केव्हाच सोडून दिलं. सूप खारट झालंय का विचारते, तो काहीतरी म्हणतो, मी बरं म्हणते. तू गेलास तेव्हा महिनाभर तो जेवणाच्या टेबलावर मला तू समजून उत्तरं देत होता, आणि मी ओरडले होते की मला यातलं काही नको. आता कुणी घरात येऊन, टेबल सरकवून, त्याला तोंडावर सांगावं की तुझं चूक आहे, आणि त्याने लाल व्हावं, एवढंच हवंय.

तुझ्यावर सक्ती नाही. तुझं वय झालंय, बागेची कामं आहेत, आणि तो तुला जे बोलायचं ते बोललाय. मी त्याच्या वतीने माफी मागणार नाही, तो मला माफ करायचा नाही. पण हिवाळ्यात झाडं झोपलेली असतील तेव्हा ये. तो जिंकेल असं करू नकोस. दया येऊन गप्प बसणार असशील तर येऊच नकोस, गप्प बसणारे माझ्याकडे खूप आहेत. भांडायला ये.

तुझ्या बाजूची नाही, त्याच्याही नाही,
नुसती दमलेली,
रोस्विता