जलपर्णीचं तिसरं पाणी

आये, आज कारखान्यातलं पाणी नितळ आलं आणि सगळ्यात आधी तुलाच सांगावंसं वाटलं. आपल्या शिरवण्याच्या तलावातली जलपर्णी तुला आठवते ना, ‘मेली उपटली तरी उगवते’ म्हणून जिला तू शिव्या घालायचीस? तीच मी आता वाळवते, तिची मुळं कातरते आणि रंगाच्या कारखान्यातलं निळं सांडपाणी त्यातून गाळते. वाळलेलं मूळ रंग धरून ठेवतं. हे जमणार याची मला पहिल्यापासून खात्री होती, आणि माझी खात्री म्हणजे काय ते तुझ्याइतकं कोणी सोसलेलं नाही.

पण मागच्या आठवड्यात फजिती झाली. मुळं भरलेल्या पिंपात वरून निळं पाणी ओतलं आणि खालून पिवळट पाणी आलं. मॅनेजरनी बरणी उजेडात धरली. "मॅडम, निळा गेला, चहा आला. साहेबांना काय पाजू हा? शुक्रवारी लास्ट ट्रायल, नायतर ही गवताची भानगड बंद." माझी दोन वर्षांची मेहनत, आणि हा माणूस हसतोय. भयंकर राग आला मला.

घरी येऊन त्याच रागात सुका जवळा धुवायला घेतला आणि तू समोर उभी राहिलीस. मी सातवीत आहे, शेजारची काकू जेवायला बसली आहे. मी जवळा एकदाच पाण्यातून काढून कढईत टाकलाय, आणि पहिल्याच घासाला तुझ्या दाताखाली वाळू कचकचते. तू काकूसमोरून उठतेस. कढई मागच्या दारी रिकामी करतेस आणि माझ्या हातात रोवळी देतेस. "घाई कसली झाली गो तुला? तीन पान्यांतून काढ. आधी त्याचा सोताचा हाय तो सगला निघू दे, मंग धरल तो मसाला." किती रडले होते मी!

दुसऱ्या दिवशी मुळांचे तुकडे गरम पाण्यात धुतले. पहिलं पाणी चहासारखं, दुसरं फिकट, तिसरं नितळ. मग गच्चीवर पुन्हा वाळवले. रोवळी तुझीच होती. लॅबमधल्या मुली हसल्या, हसू देत. आज ट्रायलला मॅनेजरनी बरणी चारदा फिरवून पाहिली, पण चहा काही सापडला नाही. आता मोठी टाकी बसणार आहे.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "आधी धुवायचं हे तुम्हाला कुठून सुचलं?" सगळे कोटवाले माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं."

तू अंगठा लावायचीस, आये. मला तिथे जवळ्याचं नाव काढायची लाज वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते. सोमवारी जाऊन खरं सांगेन, असं आत्ता तरी वाटतंय. हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुझ्या नावाने आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे. हा एकटीनंच वाचला.