अँब्युलन्सचं मत

प्रिय एल्विन,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन केला तर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागू, म्हणून लिहितेय. मेपलच्या झाडांचा रस गळायला लागलाय, तो धरायला माझ्या बादल्या लावून झाल्या. तुझ्या अजून कोठारातच असतील, आळशा!

परवा टीव्हीवर पुन्हा तेच. गावच्या अँब्युलन्सचा खर्च वॉशिंग्टनवाले म्हणतात राज्यानं बघावा, राज्य म्हणतं गावानं बघावा. दोन्ही पक्षांचे लोक टाय लावून एकमेकांवर ओरडतात आणि आपल्यासारख्या डोंगरातल्या गावांचं मात्र दोघांनाही सोयरसुतक नाही. मी बंद केला टीव्ही.

गेल्या मार्चच्या गावसभेतही मी याच रागात होते. शाळेच्या हॉलमध्ये हात मोजले: अँब्युलन्स ठेवायची, त्यासाठी घरपट्टी वाढवायची, म्हणणारे अठ्ठावन्न, नको म्हणणारेही अठ्ठावन्न. आपल्याकडे अध्यक्षानं समसमान झालं तरच मत द्यायचं. मी एकोणीस वर्षं त्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसले, कधी तशी वेळ आली नव्हती. मी 'नको' म्हटलं. वरच्यांनी मदत तोडायची आणि आम्ही मुकाट्यानं जास्त घरपट्टी भरायची? शिवाय घरपट्टीपायी किती म्हाताऱ्यांनी घरं विकली, ते मी बघितलं होतं. तू सगळ्यांदेखत ओरडलास, "थेल्मा, धडा शिकवायचाय वॉशिंग्टनला, आणि मरायचं कुणी? आपणच ना!" त्यानंतर वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस.

मर्लचा हात 'ठेवा'च्या बाजूनं होता. माझ्या नवऱ्याचा हात मीच मोजला. घरी येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "मोजलंस मात्र सरळ हं."

जानेवारीत तो गोठ्यात कोसळला. पलीकडच्या गावाची अँब्युलन्स यायला पंचावन्न मिनिटं लागली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आधी आली असती तर वाचला असता का, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी मात्र रोज विचारते.

दफनाला तू आलास, टोपी हातात घेऊन उभा राहिलास. 'सांगितलं होतं ना' असं म्हणाला असतास तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या दारापर्यंतचा बर्फ उपसलेला असतो. मला कळत नाही होय रे? तुझ्या फावड्याचा कोपरा तुटलाय, त्याची रेघ उमटते बर्फात.

मंगळवारी पुन्हा सभा आहे आणि पुन्हा अँब्युलन्सचाच विषय. मी काल अध्यक्षपद सोडलं. त्या खुर्चीत बसून समसमान व्हायची वाट बघायची नाहीये मला. इतरांसारखा हात वर करायचाय, आणि त्याआधी उभं राहून गेल्या वर्षी मी काय केलं ते सगळ्यांना सांगायचंय. दरवर्षी तुझ्या शेजारी मर्ल बसायचा. ती खुर्ची माझ्यासाठी धरून ठेव.

तुझीच हट्टी बहीण,
थेल्मा