जावईबापूंचं तोंड न बघता

४ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये मिस्सा आटोपून घरी येते तोच लीड्सहून प्रोस्कोव्हियाचा फोन. जानेवारीपासून तिला हॉस्पिटलात पूर्ण वेळ ड्यूटी. नबोसा तीन वर्षांची, तिला सांभाळायला सहा महिने एक आजी हवी. मी, नाहीतर जिंजा गावच्या विहीणबाई. म्हणाली, मम्मी, दोघी दर रविवारी व्हिडिओ कॉल करा. पोर जिच्याशी रुळेल तिचं तिकीट काढू.
म्हणजे माझंच. विहीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण बडबड फार. स्वेटर उन्हात टाकला.

११ ऑक्टोबर, रविवार
पहिला कॉल. प्रोस्कोव्हिया ड्यूटीवर, म्हणून फोन जावईबापूंनी धरला. त्यांचा कान दिसताच मी फोनवर रुमाल टाकला. सासूने जावयाचं तोंड बघितलं की तिचे हात थरथरायला लागतात, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. माझी मामेबहीण तशीच थरथरत गेली.
रुमालाआडून विचारलं, तिकडचं कसं काय? ते म्हणाले, बरं आहे मम्मी, तुमच्याकडे? मग घरचे, शेजारचे, केळीची बाग, गाय, सगळ्यांची खुशाली रीतसर झाली. तेवढ्यात डेटा संपला.
जमा: जावयाच्या मनात आदर. नबोसा दिसली नाही. पहिल्याच दिवशी हावरटपणा बरा नव्हे.

१८ ऑक्टोबर
जावईबापूंनी फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि बाजूला झाले. सोय झाली. नबोसाला म्हटलं, जाज्जाला, आजीला, नमस्कार कर. पोरीने गुडघे टेकले आणि फोनातून नाहीशी झाली. नुसती भिंत. म्हटलं, ऊठ. उठली, तर गुडघे टेकलेले दिसेनात. म्हटलं, टेक. परत गेली. असं बराच वेळ चाललं.
नात दिसली नाही, पण संस्कार दिसले.
हे म्हणाले, पोरीला फोनवर कवायतीला बोलावलंस का? रिटायर हेडमास्तरांनी कवायतीबद्दल बोलू नये.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण
प्रोस्कोव्हिया म्हणाली, गेल्या रविवारी नबोसा विहीणबाईंशी तासभर बोलली. त्यांनी कोंबड्या दाखवल्या, गाणी म्हटली, पोरीने फोनचा पापा घेतला. हे मला सांगायचं काय कारण, कळलं नाही.
त्यांचं सोपं आहे. त्यांचा तो मुलगाच. मुलाचं तोंड काय, कुणीही बघेल. माझ्यासारखं रुमालाआडून प्रेम करून दाखवा म्हणावं.
संकल्प: आपणही गाणं म्हणायचं.

८ नोव्हेंबर
गाणं म्हटलं. पोर आज बापाचं बोट सोडत नव्हती, म्हणून रुमाल टाकावाच लागला. मला चर्चचीच गाणी येतात. त्यातलं दुःखभोगाच्या आठवड्यातलं निवडलं, त्याला चाल चांगली आहे. नबोसा रडली. भक्तीने रडू येणं या वयात दुर्मिळ. जावईबापू म्हणाले, मम्मी, फडक्यातून आवाज येतो म्हणून घाबरली असेल. वडलांना मुलींचं मन कळत नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
चर्चमध्ये धर्म शिकवणाऱ्या कॅटेकिस्टना विचारलं, फोनातला जावई हा जावई धरायचा, की नुसतं चित्र? ते म्हणाले, बाई, चर्चमधल्या मातेच्या तसबिरीपुढे गुडघे टेकता ना? म्हटलं, हो. म्हणाले, मग?
अंडी नेली होती त्यांच्यासाठी. उगीच नेली.

२२ नोव्हेंबर
नवी युक्ती. फोनकडे पाठ करून बसले. म्हणजे जावईबापू समोर आले तरी मला दिसायचे नाहीत, आणि नबोसाला मी दिसेन. डोक्याला लग्नाकार्याचा स्कार्फ बांधला. पोरीने बापाला विचारलं, या जाज्जाला तोंड नाही का?
चौकस आहे. माझ्यावर गेली.
हे हसले. संध्याकाळी ह्यांना केळ्यांचे मटोके कमी वाढले.

२९ नोव्हेंबर
कॉल लागला नाही. प्रोस्कोव्हियाने मागाहून कळवलं, नबोसा यायला तयार नव्हती, टेबलाखाली जाऊन बसली. थंडीमुळे होतं असं. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना सुरू केली. मातेला साफ सांगितलं, एकुलती एक नात आहे, दुसरी होणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. तिच्या ओळखीत मला जागा दे. विहीणबाईंना दुसरीकडची पाच आहेत.

६ डिसेंबर
देवा, क्षमा कर. आज रुमाल नाही, पाठ नाही. सरळ फोनकडे बघितलं.
फोनात छत होतं. एक दिवा आणि कोळिष्टक.
म्हटलं, जावईबापू, फोन सरळ धरा. ते म्हणाले, मम्मी, कसं धरू, मी पोरीला घेऊन बसलोय. पोर माझ्याजवळ असली की असाच वर करून धरतो तुमच्यासाठी. म्हटलं, मी परवानगी देते. म्हणाले, तुमचे हात थरथरायला लागले तर लोक मला काय म्हणतील? म्हटलं, ते आत्ताच थरथरताहेत, तुम्ही पोर दाखवा. मग हळूच म्हणाले, मम्मी, तेवढं करायला सांगू नका.
चांगल्या घरचा मुलगा आहे. मीच निवडला होता.

१३ डिसेंबर
तिकीट विहीणबाईंचं.
प्रोस्कोव्हियाला म्हटलं, थोडा वेळ दे, पोर रुळेल. ती म्हणाली, मम्मी, नबोसाचं सोड, दोन खोल्यांचं घर आहे. हा न्हाऊन बाहेर आला की तू कुठे जाशील? म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाली, स्वयंपाकघर त्याच खोलीत आहे. म्हटलं, बाहेर जाऊन उभी राहीन. म्हणाली, मम्मी, जानेवारीत बर्फ असतो. म्हटलं, स्वेटर आहे.
मग ती रडायला लागली, म्हणून मला फोन ठेवावा लागला.
हे पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. चहा ह्यांनीच केला. साखर जास्त.

१० जानेवारी, रविवार
विहीणबाई सुखरूप पोचल्या. आज फोन त्यांनी धरला, त्यामुळे चित्र अगदी स्वच्छ. नबोसा त्यांच्या मांडीवर. केसांच्या नव्या वेण्या घातल्यात. डाव्या गालाला खळी पडते, हे मला माहीत नव्हतं.
विहीणबाईंनी विचारलं, तिकडचं कसं काय? रीत मोडता येईना. त्यांचं घर, माझं घर, त्यांचा प्रवास, आमचा पाऊस. चालू असतानाच पोर मांडीवरून उतरून गेली.
विहीणबाईंनी हाक मारली, अगं ये, ही बघ कोण, तुझ्या आईची आई. आतून पोरीने विचारलं, कोण? त्यांनी माझं नाव सांगितलं. पोरीने परत विचारलं, कोण? त्यांनी परत सांगितलं, सावकाश.
तिसऱ्यांदा विचारायच्या आत मीच म्हटलं, असू दे विहीणबाई, खेळू दे तिला.