वाटेकरी

६ जानेवारी २००४, मंगळवार

माझी सुरी नेली. रानडुक्कर नेलं असतं तर समजलं असतं, पण डुक्कर कालच वस्तीच्या पोटात गेलेलं. मग हाडं नेली, डुकराचं जाळं नेलं — अन् माझी सुरी. सासूनं दिलेली. शिकारीचे वाटे करायलाच ती काढते, तिनं दुसरं काय कापत नाय. जंगलखात्याचा गार्ड म्हणाला, "आजी, हा पुरावा आहे." म्हणलं, "पुरावा हाय तर घरी नेऊन कांदा चिरू नको."

सांडूला बी नेलं. माझं लेकरू, डोक्याचे केस पिकलेलं. जीपमधी बसताना म्हणतो, "माय, कुत्र्याला घाल."

७ जानेवारी, बुधवार

शेजारचा कडूबा जीपच्या मागं जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत गेला होता. आज परत आला. त्यानं सांगितलं ते ऐकून डोकं धरून बसले.

साहेबानं सांडूला विचारलं, "वाटेकरी कोण कोण?" साहेबाच्या मनात, गुन्ह्यात संगं कोण होतं. आमच्या येड्याला वाटलं, साहेब रीत विचारतोय. ताठ बसला अन् सगळी नावं घेतली. मी वाटा करताना ज्या क्रमानं हाका मारते त्याच क्रमानं. आधी आंधळी भागूबाई, कारण ज्याला दिसत नाय त्याचा हात पहिला. मग पोटुशा बाया. मग जाळं ताणणारे. मग भुऱ्या कुत्रं. शेवटी जे वस्तीत नाय पण वस्तीचे हायत ते — त्याचा सोताचा पोरगा बद्रीनाथ, राहणार बजाजनगर, वाळूज. पत्त्यासकट!

साहेब लिहीत गेला. भुऱ्याचं बी लिहिलं. "बापाचं नाव?" सांडू म्हणाला, "बाप माहीत नाय साहेब, आईचं सांगतो."

आमच्यात वाटेकऱ्याचं नाव विसरणं गुन्हा. तिकडं नाव घेणं गुन्हा. मधल्या मधी सगळी वस्ती गुन्हेगार.

८ जानेवारी

सांडू अजून आत.

निजामाच्या वक्ताला जंगलाचा दरोगा यायचा. शिकारीपाशी जो येऊन उभा राहील त्याचा वाटा, म्हणून त्याला बी मिळायचा. खायचा, वर आई-बहिणीवरनं शिव्या द्यायचा. पण खाल्लेलं तोंड चुगली करत नाय एवढी अक्कल होती. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. आम्हाला वाटलं, आता डोंगर भिल्लाचा. डोंगराला पाटी लागली.

कंद खणला की त्याचा शेंडा परत मातीत पुरायचा. मध काढला की पोळ्याचा तुकडा फांदीला ठेवायचा. गाभण जनावर जाळ्यात आलं तर सोडायचं. हे कुणी पाटीवर लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय, "जंगल वाचवा." मी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात बसले अन् पहिली पाटी वाचली ती हीच. न शिकते तर बरं होतं.

११ जानेवारी, रविवार

बद्रीनाथ आला. फटफटीवर, बायको मागं. लग्नानंतर पहिल्यांदा. सुगंधानं तोंडाला रुमाल बांधलेला, धुराळ्यासाठी म्हणे. घरात बसल्यावर बी सोडला नाय.

"आजी, कंपनीत कागद आलाय. पुढच्या महिन्यात परमनंट करणार होते मला. आता केस म्हणल्यावर काढून टाकतील."

"चहा घे."

"मी खाल्लं का ते डुक्कर? मी त्या दिवशी ड्युटीवर होतो. माझं नाव का घेतलं?"

वर बोट दाखवलं. आढ्याला मटण सुकत टांगलेलं. म्हणलं, "तुझा वाटा. दर शिकारीला काढते. तू येत नायस, वाळून जातो, मग भुऱ्या खातो. पण काढते."

सुगंधा रुमालातनं बोलली, "आजी, ते जाळून टाका. सापडलं तर यांची नोकरी जाईल. कॉलनीत आम्ही सांगितलंय, आम्ही शेतकरी आहोत म्हणून."

"कोणत्या शेताचे?"

बद्रीनाथ उठला. "बाबाला सांग, माझा वाटा नव्हता म्हणून लिहून दे. एवढंच."

एवढंच! वाटा नाय म्हणजे काय, ते ह्याला माहीत हाय. लग्नात पान नाय, मयतीत हाक नाय. जितेपणी मेलेला. ते मागायला पेट्रोल जाळून आला.

१२ जानेवारी

मटण उतरवलं नाय. कुणी हात लावला तर बोटं तोडीन.

१५ जानेवारी, गुरुवार

बोलावणं आलं म्हणून नावं लिहिलेले सगळे नाक्यावर गेलो. भागूबाईला दोघींनी धरून नेलं. ती विचारते, "अगं, मटण आवडलं का म्हणून विचारणार हायत का?" बाया हसल्या. मी बी.

बद्रीनाथला बोलावलेलं. इस्तरीचा शर्ट. सांडूला बाहेर आणलं. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाय.

साहेबानं विचारलं, "हा तुझा बाप ना?"

पोरगं भिंतीकडं बघून म्हणालं, "सारखं नाव असेल साहेब. मी ह्यांना ओळखत नाही."

सांडूनं पोराकडं बघितलं नाय. साहेबाला म्हणाला, "चुकलं साहेब. ह्याचा वाटा नव्हता. खोडा."

साहेबानं खोडलं. बद्रीनाथ फटफटीला लाथ मारून गेला, मागं वळला नाय. सांडू मग खालीच बसला. मला म्हणतो, "माय, नोकरी राहील ना त्याची?"

पोटुशी बाई उन्हात उभी होती. साहेब वाईट नाय. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, एकट्यानं केलं असतं तर एकट्यावर केस झाली असती. एवढी नावं दिली, मी काय करू? सगळ्यांना कोर्टात जावं लागेल."

१६ जानेवारी

दिवसभर आढ्यावरच्या वाट्याकडं बघत बसले. भागूबाई दोनदा काठी टेकत येऊन गेली.

१७ जानेवारी, शनिवार

आढ्यावरचा वाटा उतरवला. भिजवला, शिजवला, एकटीनं खाल्ला. भुऱ्याला बी दिला नाय. आमच्यात एकट्यानं शिकार खाणाऱ्याला खांदा देत नायत. ठाऊक हाय.

आता नाक्यावर निघाले. सांगणार, वाटा झालाच नाय. जाळं मी लावलं, डुक्कर मी मारलं, मीच खाल्लं. सांडूनं आईला झाकायला नावं रचली. म्हणतील, म्हातारे, एवढं डुक्कर एकटीनं? सांगेन, व्हय, भूक लई.

वस्तीला बजावलंय — सांडू असो, भागूबाई असो, कुणी काय बी विचारलं तर तोंड उघडायचं नाय. जबाब मी देईन, ही दगडाबाई.