तेवीस नंबरच्या पेटीतला आवाज

प्रिय दोन नंबर,

बेडूक सापडला! म्हणजे सापडला सात महिन्यांपूर्वीच, पण असा बेडूक आजवर अख्ख्या जगात कुणालाच ठाऊक नव्हता, यावर परवा शिक्कामोर्तब झालं. आणि तो सापडला माझ्या कानांमुळे. खुशाली नंतर विचारते. हे आधी सांगितलं नसतं तर फुगून फुगून माझाच बेडूक झाला असता. तुला फोन करून करून थकले गं. एकोणीस वेळा घंटी वाजू दिली. सव्वीस वर्षं एवढ्या मोठ्या इस्पितळाचे फोन जोडले आपण, एक नंबरच्या बोर्डावर मी आणि दोन नंबरच्या बोर्डावर तू, आणि आता आपल्या दोघींचीच लाईन लागत नाही. म्हणून हे पत्र. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ते तुझ्या सवयीचं. पोस्टमनने 'दोन नंबर' वाचून भलताच धंदा समजू नये म्हणून पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय.

तुला माहीत नाही, पण एक्स्चेंज बंद झाल्यावर माझे फार हाल झाले. सकाळी आठला हात आपोआप कानाकडे जायचा आणि हेडफोन नाही म्हणून तसाच खाली यायचा. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा 'एक मिनिट, जोडते हं' म्हणून गेले एकदा. तो बिचारा मिनिटभर खरंच थांबला. असे चार महिने गेले आणि एके दिवशी भाची आली. धाकटीची लेक, लहानपणी आपल्या बोर्डाखाली बसून वायरी मोजायची ती. आता ती रानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत आहे. त्यांनी डोंगरावरच्या रानात चाळीस ठिकाणी झाडांना डब्याएवढ्या पेट्या बांधल्यात. पेटी दिवसभर, रात्रभर आवाज टिपत बसते. त्यातले थोडे आवाज कॉम्प्युटर ओळखतो, आणि जे ओळखत नाही त्यापुढे 'गोंगाट' असं लिहून मोकळा होतो. भाची म्हणाली, "मावशी, तू सहाशे माणसं नुसत्या हॅलोवरून ओळखायचीस. मग हे का नाही ओळखणार?" मी म्हटलं, "अगं, ती माणसं होती, पगारावर होती." पण गेले. घरी बसून तरी काय करत होते!

बियाण्यांच्या कोठाराच्या वर एक खोली आहे, तिथे मला बसवलं. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर आणि नीट न लागणारी एक खिडकी. आवाज नको म्हणून पंखा बंद. पहिल्या दिवशी हेडफोन चढवला आणि घाबरून काढून ठेवला. सकाळी नऊला आपल्या बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागायचे, आठवतं? तसं अख्खं रान एकदम कानात घुसलं. तीन दिवस नुसतं डोकं दुखत होतं. चौथ्या दिवशी मनात आलं, अगं बये, एवढी वर्षं काय केलंस? एका वेळी एकच लाईन घ्यायची. मग मी फक्त सगळ्यात बारीक आवाज धरला, तो किड्यांचा निघाला. मग सगळ्यात खालचा, ते बेडूक. मधली सगळी जागा पाखरांची. आणि काय सांगू तुला, त्या रानात कुणी कुणाचा फोन तोडत नाही! एकाचं बोलणं संपलं की त्या फटीत दुसरा. किडा अगदी वरच्या पट्टीत बोलतो, कारण खालची पट्टी बेडकाची. हजारो जण एकाच वेळी बोलताहेत आणि प्रत्येकाचा निरोप पोचतोय. आपल्या इस्पितळाला हे कधी जमलं नाही.

नावं मला कुठली येताहेत? मग आपली जुनी पद्धत. 'खोकणारे काका', 'पाय घासत चालणारी सिस्टर' असं आपण ठेवायचो ना, तशी नावं ठेवली. तांबट पक्षी म्हणजे 'खलबत्त्यावाला कंपाउंडर', टुक टुक टुक, दिवसभर कुटतोय. धनेश उडतो तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज वॉर्डातली आया ओली चादर झटकते तसाच. भेकर नावाच्या हरणाचं खोकल्यासारखं ओरडणं ऐकून मी खरंच म्हणाले, ह्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. एक बेडूक आपल्या जुन्या मेट्रनसारखा घसा खाकरतो आणि सगळे गप्प होतात. भाची माझ्या नावांसमोर पुस्तकातली नावं लिहायची. वर्षभरात तीनशे सोळा आवाज वेगळे केले मी! उंबराला फळं धरली की सतरा तऱ्हेची पाखरं एका झाडावर भांडतात. वटवाघळं असतात, खारी असतात, वानरं असतात. एक माशी तर नुसत्या गुणगुणण्यावरून ओळखू येते. आपल्या देशात अमुक हजार जातींची झाडं, तमुक हजार जातींचे प्राणी असं शाळेत घोकलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण एवढे सगळे आपले शेजारी आहेत, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

आता बेडकाचं. तेवीस नंबरची पेटी बांबूच्या उतारावर आहे. तिच्यात उजाडायच्या वेळेला एक आवाज यायचा. टक, टक आणि मग रिकाम्या पेल्यात थेंब पडावा तसं टिंग. कॉम्प्युटरने लिहिलं होतं, पाण्याचा थेंब. संस्थेचे मोठे सर बेडकांमधले जाणकार. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. त्यांनीही ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, पानावरून पेटीच्या झाकणावर थेंब पडतोय." मी 'बरं' म्हणून हेडफोन उतरवला, पण मनातून आवाज जाईना. तू असतीस तर तुझ्या कानाला हेडफोन लावला असता आणि तू डोळे मिटून दोन सेकंदांत काय ते सांगितलं असतंस. मग मी एकटीनेच तेवीस नंबरचे सगळे तास काढले. एकेचाळीस पहाटा. त्यातल्या नऊ पहाटांच्या आधी आठवडाभर पाऊसच नव्हता, तरी टिंग होतं. आणि लांबून, अगदी बारीक, दुसरं टिंग यायचं. पहिलं थांबायचं, दुसरं बोलायचं, मग पुन्हा पहिलं.

नेमकं त्याच वेळी संस्थेकडे एक कागद आला होता. तो बांबूचा उतार तोडून तिथे गाड्या लावायची जागा करायची होती, वर डोंगर बघायला येणाऱ्यांसाठी. त्या उतारावर जपण्यासारखं काही विशेष आहे का, एवढंच संस्थेने कळवायचं होतं. सरांचं उत्तर टाईप होत होतं, 'विशेष काही नाही.' मी विचारलंही नाही, सरळ आत गेले. म्हटलं, "सर, थेंब थेंबाला उत्तर देत नाही." ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं, "दोघंजण बोलताहेत. सव्वीस वर्षं मी दोघांचं बोलणं जोडत होते, मला कळतं. हे पत्र आठ दिवस थांबवा." आपण दोघी साध्या सुपरवायझरसमोरही कधी तोंड उघडायचो नाही. सर हसले, पण पत्र खणात ठेवलं. म्हणाले, "आठ दिवस. नववा नाही."

मग काय, निघाली स्वारी! गुडघ्यांना पट्टे बांधले, भाचीचे बूट घातले, ते एक माप मोठे. बरोबर भाची आणि तिथला म्हातारा वाटाड्या. तो सत्तरीचा असेल, पण बकरीसारखा चढतो, आणि मी मागून इंजिनासारखी. वर्षभर जे कानांनी ओळखत होते ते सगळं डोळ्यांसमोर! मिठी मारायला पाच माणसं लागतील असं एक झाड होतं, आणि त्याच्या अंगावर दुसरी किती झाडं, नेचे, शेवाळं, पिवळ्या फुलांची झुंबरं! एका पडलेल्या ओंडक्यावर भाचीने माझ्यासमोर अकरा जातींच्या अळंब्या मोजल्या. एक निळी, एक अगदी कानाच्या पाळीसारखी. जळवा मात्र माझ्यावर फारच खूश होत्या. वाटाड्या म्हणाला, "शहरातलं रक्त त्यांना पाहुणचाराचं वाटतं."

तीन पहाटा आम्ही बांबूत जाऊन बसलो. काही नाही. तिसऱ्या दिवशी भाचीही माझ्या नजरेला नजर देईना. मला वाटलं, झालं, आता म्हातारीला भास होतात असं ठरणार. चौथ्या पहाटे उजाडता उजाडता, हेडफोन नाही की काही नाही, माझ्या उजव्या बाजूला हातभर अंतरावर झालं. टक, टक, टिंग! अंगावर सर्रकन काटा आला. भाची जमिनीवर शोधायला लागली, वाटाड्या पानांवर. मी बोट दाखवलं, "जमिनीवर नाही, पानावरही नाही. ह्या बांबूच्या आत." वाटाड्याने बांबूला कान लावला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. पेरापाशी किड्याने पाडलेली बोटाएवढी चीर होती. भाचीने बारीक बॅटरी धरली आणि मी डोळा लावला. आत नखाएवढा, मधाच्या रंगाचा बेडूक! मागे बांबूच्या भिंतीला चिकटलेली सहा अंडी, साबुदाण्यासारखी, आणि हा बाप त्यांच्यावर पहारा करत बसलेला. पोकळ बांबूत बसून बोलायचा म्हणून पेल्यासारखा आवाज! भाची रडायला लागली, मी हसायला लागले, आणि वाटाड्या दोघींना दटावून म्हणाला, "हळू, लेकरं आहेत आत."

सरांनी मग सहा महिने जिवाचं रान केलं. देशोदेशीच्या संग्रहालयांतल्या नोंदी, मोजमापं, रक्ताच्या तपासण्या. परवा शेवटचं उत्तर आलं, नवीन जात. त्याला माझं आडनाव द्यायचं चाललं होतं, पण मी म्हटलं, सासरच्या सगळ्या खानदानाला बेडूक करू नका, बांबूचं नाव द्या. ते दिलं. उतार वाचला, गाड्या आता खाली शाळेच्या पटांगणापलीकडे लागणार. काल संस्थेच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली होती. मला पहिल्या रांगेत बसवलं. सर उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी काय बोलले असतील? म्हणाले, "ह्या बाईंनी मला बेडूक ऐकवला आणि मी थेंब म्हणालो. मी चुकलो होतो. आणखी एक दिवस माझ्यावर सोडलं असतं, तर तो उतार माझ्या सहीने गेला असता." एवढ्या माणसांसमोर, चाळीस वर्षांचा जाणकार. टाळ्या कडाडल्या. सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मी मात्र पदराने डोळे पुसत होते. लोकांना वाटलं, आनंदाने.

आनंद होताच गं. पण मला तो मंगळवार आठवला. तू आईच्या औषधासाठी दहा मिनिटं खाली गेली होतीस आणि तुझा बोर्ड मी बघत होते. एका मुलीचा लांबून फोन आला, वडिलांना ऑपरेशनआधी बोलायचं होतं. दोनशे एकाहत्तर ऐवजी मी दोनशे सतरा लावला. मुलगी अकरा मिनिटं थांबून राहिली आणि तोवर वडिलांना आत नेलं. ते बरे होऊन घरी गेले, पण तक्रार आली ती दोन नंबरच्या बोर्डावर. साहेब सहा जणांसमोर तुला म्हणाले, "कान गेले असतील तर घरी बसा." तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मी रजिस्टरात डोकं घातलं. तू एक शब्द बोलली नाहीस, दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस, आणि मी आणखी दोन महिने, एक्स्चेंज बंद होईपर्यंत, त्या खुर्चीवर बसून राहिले, निरोपाचा गुच्छसुद्धा घेतला. तू फोन का उचलत नाहीस, हे मला पहिल्या घंटीपासून ठाऊक आहे.

म्हणून आज सकाळी इस्पितळात गेले. चूक माझी होती, बोर्ड तुझा होता पण हात माझा होता, असं सगळं तारखेनिशी लिहून दिलं. साहेब आता दुसरे आहेत, म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय?" मी म्हटलं, "आहे ते फाइलला लावा, आणि मला शिक्का मारून प्रत द्या." ती प्रत ह्या पाकिटात आहे. तुझे कान गेले नव्हते. सगळ्या इस्पितळात तुझ्याइतके चांगले कान कुणाचेच नव्हते, माझेही नव्हते. मला माफ कर, किंवा आधी भांड आणि मग कर. आणि आता मुद्द्याचं. सरांनी काल विचारलं, तुमच्यासारखं ऐकणारं आणखी कुणी आहे का? दुसरी जागा मंजूर झालीय, रीतसर नेमणूक आहे. मी म्हटलं, माझ्यासारखं नाही, माझ्याहून सरस आहे. नऊ हजार तासांचं रान अजून कुणी ऐकलेलंच नाही, आणि बांबूच्या वरच्या कड्यावर एक शीळ आहे जी मला काही केल्या उलगडत नाही. सोमवारी साडेनऊला मी तुझ्या दारात उभी आहे. दार उघडलं नाहीस तर मंगळवारी येईन, बुधवारीही येईन. बूट तेवढे मजबूत घाल, तिकडे जळवा फार आहेत.

तुझीच, आणि ह्यापुढे कुठलीही चूक स्वतःच्या नावावर घेणारी,
एक नंबर