तारवाच्या चौकशीचा अहवाल

तीर्थरूप काकांच्या सेवेशी,

चष्म्याच्या दुकानातून तुमच्या पुतण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नसेल, निदान शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका तरी नाही, अशी आशा करतो. काकूंची झोप कशी आहे? (त्यांना झोप लागत नाही याचं कारण तुम्ही पहाटे मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहता हे आहे, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी तुम्हाला हे सांगितलं, असं त्यांना सांगू नका.) आमच्याकडे सगळे ठीक. दुकान चालतं. लोकांना जवळचं दिसत नाही तोवर माझं पोट भरणार, आणि लोकांना जवळचं दिसत नाहीच, त्यामुळे काळजी नाही.

तुम्ही सोपवलेली कामगिरी पार पडली. ती कशी पार पडली ते फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही आणि या प्रकरणात वाक्यं पुरी होणं फार गरजेचं आहे. म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीतच आहे, तरी आधीपासून सांगतो. तुमची मुलगी, म्हणजे आपली ढेकूळ (सारखी मातीत बसायची म्हणून तुम्हीच हे नाव ठेवलंत, हल्ली मात्र तुम्ही तिला ‘त्या बाई’ म्हणता), आणि तिच्याबरोबर उत्खननाचं काम करणारी आणखी काही विद्वान मंडळी दर शनिवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत बसतात. बायबल आणि जमिनीखालून निघणाऱ्या वस्तू यांच्याबद्दल मोबाइलवर जे काही फिरत असेल, ते कुणीही घेऊन यावं आणि खुशाल विचारावं. आत्याच्या घरच्या जेवणात तुम्ही मोशेचा पाठलाग करताना समुद्रात बुडालेल्या फारो राजाच्या रथांची समुद्रतळावरची चाकं दाखवणारा व्हिडिओ सगळ्यांसमोर लावलात, आणि तो अर्धा झाला असताना ढेकळीने सगळ्यांसमोर सांगितलं की बाबा, हे खोटं आहे. त्या दिवसापासून तुमच्यात अबोला. तिचा फोन आला की तुम्ही तो न बोलता काकूंच्या हातात देता. मग तुम्ही मला बोलावून चिठ्ठी दिलीत आणि सांगितलंत, की जलप्रलयातून तरलेलं नोहाचं तारू सापडलं असूनही हे विद्वान ते लपवून ठेवतात; ओळख न देता जा आणि भर सभेत हा प्रश्न विचार. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण तिच्याशी पुन्हा बोलायला तुम्हाला काहीतरी कारण हवं होतं असा माझा संशय आहे. (चुकत असेन तर पुढचं वाचू नका. पण तुम्ही वाचालच.)

मी वेश पालटून गेलो. म्हणजे दुकानातली सगळ्यात जाड काळी फ्रेम घातली आणि शेवटच्या रांगेत बसलो. गडबडीत एक गोष्ट विसरलो, ती म्हणजे त्या फ्रेममध्ये कुणा गिऱ्हाइकासाठी बसवलेल्या काचा तशाच होत्या. त्यामुळे पहिला अर्धा कार्यक्रम मला पाण्याखालून दिसला. खोली साधी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फळा, खिडकीत कुणाची तरी वाळत घातलेली छत्री, आणि असा एक माइक की जो ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजवी. माणसं मात्र इतकी, की मागे लोक भिंतीला टेकून उभे. मला वाटलं होतं चार म्हातारे असतील, आणि त्यातले दोन पंख्याखाली झोपायला आलेले.

एक गृहस्थ उठले. पेशाने नळ दुरुस्त करणारे. त्यांच्या मोबाइलवर राक्षसाच्या सांगाड्याचा फोटो होता. एवढी मोठी कवटी, तिच्याशेजारी मुंगीएवढा दिसणारा माणूस, आणि खाली मजकूर की बायबलमधले महाकाय पुरुष सापडले. मला हसू आलं आणि मी हसलोही. ढेकळीने मान वर करून माझ्याकडे अशी नजर टाकली, की जाड काचांमधूनही ती मला लागली. ती स्वतः अजिबात हसली नाही. तिने तो फोटो भिंतीवर मोठा करून लावला आणि त्या गृहस्थांनाच पुढे बोलावून विचारलं, की ऊन कुठल्या बाजूने येतंय? ते म्हणाले, डावीकडून, माणसाची सावली उजवीकडे पडलीय. मग ते भिंतीच्या आणखी जवळ गेले. मग स्वतःच म्हणाले, की हाडांची सावली डावीकडे आहे. कुणी त्यांना खोटं पाडलं नाही काका, त्यांनीच ते पकडलं, आणि जागेवर परत जाताना ते असे ताठ चालले की जणू राक्षस त्यांनीच मारला होता. मला त्या क्षणी आत्याच्या घरचं जेवण आठवलं. ढेकळीलाही आठवलं असावं, कारण ती थोडा वेळ फळा पुसत राहिली आणि फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी माइक घेतला, चिठ्ठी उघडली. काका, तुमचं अक्षर सुंदर आहे असं लहानपणापासून ऐकत आलो, पण आता धंद्याच्या अनुभवावरून सांगतो, ते फक्त लांबून सुंदर आहे. त्यात डोळ्यांवर दुसऱ्याच्या काचा. तुम्ही लिहिलं होतं, ‘नोहाचे तारू सापडले, हे तुम्ही लोकांपासून का लपवता?’ मला तिथे ‘नोहाचे दारू’ दिसलं. काकांचं व्याकरण चुकलं असं वाटून मी ते घाईघाईने दुरुस्त केलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, की नोहाची दारू सापडली, ती तुम्ही लोकांपासून का लपवता?

माइकने शिट्टी वाजवली. मग अख्खी खोली हसली. भिंतीला टेकलेले लोक भिंतीवरून घसरले. माझ्यापुढे बसलेल्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या बाई वळून म्हणाल्या, “भाऊ, सापडली तर आम्हालाही कळवा.” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि काका, यानंतर जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र. ढेकूळ हसण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, की प्रश्न उत्तम आहे. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला आणि तो द्राक्षारस पिऊन झिंगला, हे बायबलमध्ये लिहिलेलंच आहे. (मला हे आठवत नव्हतं. गोष्ट सांगताना तुम्ही इंद्रधनुष्यापाशी थांबायचात.) नोहाची अशी काही सापडलेली नाही, ती म्हणाली, पण फार जुन्या माणसांची सापडली आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत द्राक्षांच्या रसाचा अंश मुरलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याने गेलेला नाही, पण प्रयोगशाळेत विचारलं की माती सांगते. काका, माती सांगते, असं ती म्हणाली. आठ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रस गाळून ठेवला, तो प्यायलेली माणसं गेली, त्यांची भाषा गेली, गावाचं नाव गेलं, आणि त्या मडक्याच्या कुशीत त्यांची एक संध्याकाळ अजून शिल्लक आहे.

मग तिने मडक्याच्या काठाचा एक तुकडा रांगेतून फिरवायला दिला. इतका जुना नव्हे, पण यशया संदेष्ट्याच्या काळच्या आसपासचा, म्हणजे साधारण सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा, शिकवण्यासाठी रीतसर मिळालेला. माझ्या हातात आला तेव्हा मी काळी फ्रेम काढली. आतल्या बाजूला, ओल्या मातीतून कुंभाराचं बोट फिरलं होतं त्याच्या रेघा होत्या. एके ठिकाणी अंगठा टेकलेला. मी माझा अंगठा त्यात ठेवला. तो बसला. काका, मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे की मी सहसा सगळं सांगू शकतो. रुग्णवाहिकेच्या बाईंनी दोनदा मागितल्यावर मी तो तुकडा पुढे दिला.

तारवाचा प्रश्न मी नंतर नीट विचारला, माझ्यावर विश्वास ठेवा. तारू म्हणून व्हिडिओंमध्ये डोंगरावर दाखवतात तो होडीसारखा आकार भूगर्भशास्त्रज्ञांनी तपासला आहे आणि तो खडक आहे. तारू सापडलेलं नाही. आणि लपवायचं म्हटलं तरी वस्तू आधी सापडावी लागते. मग मी विचारलं, मग ते होतं की नव्हतं? ती म्हणाली, मला माहीत नाही. माइकवर म्हणाली. आपल्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही, तुम्ही नाही, माझ्या वडिलांनी नाही, मी तर दुकानात रोज दहादा टाळतो. ती ते इतक्या सहज म्हणाली, आणि ते म्हटल्यावर तिची उंची कमी झाली नाही, उलट सगळे थोडे पुढे सरकून बसले. मी इतका थक्क झालो की आभार मानायचे राहून गेले.

शेवटी रुग्णवाहिकेच्या बाईंनी विचारलं, की हे सगळं खणून काढायची ओढ तुम्हाला कुठून लागली? ढेकूळ म्हणाली, माझे वडील बायबलमधल्या यरीहो शहराच्या तटाची गोष्ट सांगायचे. तट कोसळला, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मी विचारायचे की मग त्या विटांचं काय झालं? दुसऱ्या कुणी मला गप्प बसवलं असतं. वडील म्हणाले, मोठी झालीस की जा आणि बघ. एवढं बोलून ती पाणी प्यायली, आणि बराच वेळ पीत राहिली. ग्लास रिकामा होता हे जाड काचा नसल्यामुळे मला स्पष्ट दिसलं.

कामगिरीचा अहवाल इथे संपला. काकूंना नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
पुतण्या

ता. क. वेश पालटून गेलो असं वर म्हटलं आहे. ढेकळीने मला दारातच ओळखलं होतं आणि बाकीच्या विद्वानांना सांगून ठेवलं होतं, की शेवटच्या रांगेतला काळा चष्मा जे विचारेल ते माझ्या वडिलांनी विचारलंय, तेव्हा नीट ऐका.

ता. क. दुसरा. मी एकदाच गेलो असं वाटेल असं पत्र लिहिलं आहे, ते खरं नाही. त्यानंतर मी एकही शनिवार चुकवलेला नाही. हल्ली तो माइक मीच धरतो. दुकान शनिवारी बंद असतं, हे माझ्या वडिलांच्या कानावर घालू नका. आता मुद्द्याचं. पुढच्या शनिवारी लहान मुलं येणार आहेत. गेल्या वेळी आली तेव्हा ढेकळीने त्यांना तारवाची गोष्ट सांगितली. सुरुवात तिने ‘तीनशे हात लांब म्हणजे साधारण किती मीटर’ इथून केली आणि पाऊस सुरू होण्याआधीच मुलं उठून खिडकीपाशी गेली. तिला गोष्ट सांगणारा माणूस हवा आहे. मला एकच माहीत आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र मी तिच्याच टेबलापाशी बसून लिहिलं. तिने ते वाचलं, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि मला बाजूला सरकवलं. खालचं अक्षर तिचं.

बाबा, यरीहो सांगा, तारू सांगा, तुम्हाला हवं ते सांगा. जे सापडलंय ते मी नंतर दाखवीन. तुमची गोष्ट पुरी होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.